ओठ हलतात, आत काही हलत नाही

खराडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. वय 36, राहायला वडगाव शेरीत, माहेर नगरकडचं. यजमान चाकणला पाळीवर, मुलगी चौथीत. जूनमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून सगळ्या घराचं घड्याळ त्यांच्या खाटेवर लागलं आहे. ताई लिहितात, "रात्री पवित्र शास्त्र उघडते, दोन ओळी वाचते. ओठ हलतात, आत काही हलत नाही. महिन्यात तीन रविवार उपासना चुकते. मी आता ख्रिस्ती आहे ती फक्त फॉर्मवर, असं वाटतं." आणि शेवटी, आठवलं म्हणून लिहिल्यासारखं : गणपतीत शेजारच्या काकूंनी मोदकांचा डबा दिला. लेकीने एक मोदक खाल्ला. सासूबाई तिच्यावर रागावल्या, डबा उचलून फडताळात ठेवला, नंतर मोदक टाकून द्यावे लागले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. "यात चूक कुणाची?"

ताई, मी 34 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, शेवटची 13 वर्षं पुण्यात. आता निवृत्त आहे, पण गुडघे साथ देतात तोवर घरभेटी सुरू आहेत. पहिल्या प्रश्नावर सावकाश बोलतो. दुसरा तुम्ही शेपटाला बांधलात, पण मला तो लहान वाटत नाही.

आधी एक विचारायचं राहतंय, ते विचारून घेतो. झोप लागते का? जेवण जातं का? लेकीच्या एखाद्या बोलण्यावर हसू येतं का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच, दिवसभर, यातलं काहीच होत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर हा विषय प्रार्थनेच्या आधी डॉक्टरांचा आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. हे मी इतक्या ठासून सांगतो कारण मी एकदा उलटं केलं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतला एक शिक्षक माझ्याकडे आला, म्हणाला, प्रार्थनेत मन लागत नाही. मी त्याला पहाटे उठायला सांगितलं, उपास सांगितला. तो बिचारा तेही करत राहिला. त्याला नैराश्याचा आजार होता आणि औषधाने तो चार महिन्यांत बरा झाला. पण माझ्या सल्ल्यामुळे त्याआधीचं वर्ष त्याने स्वतःला पापी समजण्यात घालवलं. ते वर्ष माझ्या खात्यावर आहे.

तसं काही नसेल, नुसता थकवा आणि कोरडेपणा असेल, तर पुढचं वाचा.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक खोड आहे. साक्ष द्यायला उभा राहतो तो नेहमी जिंकलेलाच. नोकरी लागली, गाठ विरघळली, मुलगा दारू सोडून परत आला. ऐकणाऱ्याला वाटतं, विश्वास म्हणजे आतून सतत काहीतरी उसळत राहणं. ज्याच्या आत काही उसळत नाही तो मागच्या बाकावर बसतो आणि आमेन झाल्याबरोबर चप्पल शोधतो. मी स्वतः दीड वर्ष असा कोरडा होतो. माझी पत्नी आजारी होती त्या काळात. आणि त्या दीड वर्षात मी दर रविवारी उपदेश केला. कुणाला कळलंही नाही. कळायला हवं होतं, असं आता वाटतं.

त्या दिवसांत मला तारलं ते उसन्या शब्दांनी. माझ्याकडे स्वतःचे शब्द उरलेच नव्हते. मी फक्त स्तोत्रं वाचायचो, तीही भक्तिभावाने नव्हे, शाळेतला मुलगा पाढे म्हणतो तसा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत. तक्रारीची म्हणा हवं तर. तेराव्या स्तोत्रात एकामागून एक चार वेळा विचारलं आहे, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. बाकीची बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी आभाराकडे वळतात, हे वळतच नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं. उपासनेत आपण ते जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लोकांना वाटतं की शास्त्रात फक्त धीर देणारं तेविसावंच स्तोत्र आहे.

आणि वधस्तंभावर प्रभूने काय केलं? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही हाक बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. शुभवर्तमानं लिहिणारे मार्क आणि मत्तय दोघेही ती प्रभूच्या घरच्या बोलीत, अरामी भाषेत देतात आणि मग अर्थ सांगतात. लूकने दिलेलं शेवटचं वाक्य, 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो', तेही एकतिसाव्या स्तोत्रातलं. प्राण जाताना त्याच्या ओठांवर लहानपणी पाठ केलेलं आलं. तुम्हीही लहानपणी स्तोत्रं पाठ केलेली असणारच, नगरकडच्या संडे स्कूलमधून पाठांतराशिवाय कुणी सुटत नाही. ते साठवणीतलं धान्य आहे ताई. साठवण दुष्काळात उघडायची असते. सुगीत केलेल्या साठवणीवर दुष्काळात जगलो म्हणून कुणी स्वतःला ढोंगी म्हणत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी कोरडा आहे. रात्रीचं वाचन बंद करा. हो, पाळक सांगतोय, बंद करा. साडेदहाला सासऱ्यांचं शेवटचं औषध देऊन, दुसऱ्या दिवसाचे डबे डोक्यात घोळवत, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी वाचलेलं काही आत जाणार नाही. ते फक्त अपराधीपणाचं खातं वाढवतं. त्याऐवजी दिवसाला एक स्तोत्र, सकाळी, आणि तेही फोनवर चालेल. कंपनीच्या बसमध्ये, चंदननगरच्या चौकात गाडी अडकते तेव्हा. लांब असलं तर अर्धं. एकशे सतरावं दोनच ओव्यांचं आहे, एकशे एकोणिसावं 176 ओव्यांचं, त्यावर आठवडा गेला तरी चालेल. (आपण बायबलच्या वचनाला 'ओवी' म्हणतो. इतर मराठी मंडळी ऐकून चकित होतात. मला तो शब्द फार आवडतो, कारण ओवी जात्यावरची. दळता दळता म्हणायची.) एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायची नाहीत. थकबाकी भरायची नाही. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रानात दिलेल्या अन्नाची, गोष्ट आहे : रोजचं रोज गोळा करायचं, उद्यासाठी म्हणून ठेवलं तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. प्रार्थनेची थकबाकी भरणाऱ्या माणसांना मी पाहिलं आहे. आठव्या दिवशी ती सगळंच सोडून देतात.

दुसरं, प्रभूची प्रार्थना. ती घाई न करता म्हणायला अर्धा मिनिट, फार तर पाऊण मिनिट लागतं. ती एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. माझ्या माहितीतली एक परिचारिका प्रत्येक रुग्णाकडे जाण्यापूर्वी हात धुताना म्हणायची. तुमच्याकडे कुकर आहे. पहिल्या शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत. मन लागलं की नाही हे बघायचं नाही. कुकरला कुणी विचारत नाही, आज शिट्टी मनापासून दिलीस का.

त्या प्रार्थनेत आपल्या मराठीत एक गोष्ट साधली गेली आहे, ती इतक्या वर्षांनीही मला सुखावते. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' पाव नाही, अन्न नाही, भाकर. ज्याने कधी ज्वारीचं पीठ मळलं आहे त्याला माहीत आहे की भाकरी उद्यासाठी थापून ठेवण्यात राम नाही, ती तव्यावरून ताटात. मूळ ग्रीकमध्ये 'रोजची' यासाठी आलेला शब्द इतका दुर्मीळ आहे की त्याचा नेमका अर्थ काय, 'आजची', 'लागेल तेवढी' की 'येणाऱ्या दिवसाची', यावर पंडितांचा वाद सुरुवातीच्या शतकांपासून आजवर चालू आहे. पण मत्तयात पुढे 'आज' आहे आणि लूकात 'रोज', म्हणजे मागणं छोटं आहे एवढं नक्की. तुम्ही देवाकडे काय मागताय? सासरे बरे व्हावेत, लेकीची शाळा नीट व्हावी, यजमानांची पाळी बदलावी, आपली भक्ती पूर्वीसारखी व्हावी. सगळं रास्त. पण ते सगळं एकदम उचलून कुणाचीही पाठ मोडेल. आज रात्री आठपर्यंत पुरेल एवढाच धीर मागा. खरंच तेवढाच. मी हे रुग्णालयाच्या व्हरांड्यांत शिकलो, व्यासपीठावर नाही.

आता कुणीतरी तुम्हाला सांगेल की सासऱ्यांची सेवा हीच तुमची प्रार्थना. हे वाक्य मला पटत नाही, आणि सेवा करणाऱ्या बायकांनाच ते का ऐकवलं जातं हेही मला कळतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर लावताना कुठे लाल झालंय का ते बघणं, चादरीला चुणी राहू न देणं, हे काम आहे. मोठं, पवित्र म्हणण्याजोगं काम, पण काम. त्याने माणूस दमतो. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था राबते आणि मरीया पायाशी बसते, ती गोष्ट ऐकून प्रत्येक मार्थेला अपराधी वाटतं. पण तिच्या लगेच आधी लूकने चांगल्या शोमरोन्याचा दाखला ठेवला आहे, आणि त्यात जो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालतो, खर्च करतो, त्याचंच कौतुक आहे. लूकला दोन्ही हवं आहे. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ गेल्यावर 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' हे कोण म्हणतं? मार्था. स्वयंपाकघरातली.

तुम्ही एकट्याने किती उचलायचं, याबद्दल मार्कच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर आहे, आणि ती गोष्ट नेमकी तुमच्या घरातल्या दुखण्याची आहे. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला असं मार्क लिहितो. त्यांचा. त्या बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. त्याला त्या दिवशी विश्वास होता की नाही, कोण जाणे. बाजेला चार कोपरे असतात, एका माणसाने ती उचलतच नाही. तुम्ही मात्र चारही कोपरे धरून उभ्या आहात, वर आपला विश्वास कमी पडला म्हणून रडताय.

मग तुमचे बाकीचे तीन कोण? तुमच्या पाळकांना फोन केला आहे का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. पाळकाला आपोआप कळतं अशी लोकांची समजूत असते, आणि तो आला नाही की मग राग येतो. मला वर्षानुवर्षं हा राग भेटला आहे. ताई, पाळकाला आकाशवाणी होत नाही. फोन करा, सांगा, बाबा जूनपासून अंथरुणाला आहेत, आम्हाला प्रभुभोजन घरी हवं आहे. जगातल्या बहुतेक मंडळ्यांत आजाऱ्याला ही सहभागिता, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस, घरी देण्याची रीत आहे, तुमच्यातही असणार. सासऱ्यांना गिळायला त्रास होत असेल तर तेही आधी सांगा, भाकरीचा अगदी बारीक तुकडा द्राक्षरसात भिजवून देता येतो, पण डॉक्टरांना विचारून. त्या दिवशी खाटेभोवती सहा माणसं उभी राहून एक जुनं गीत म्हणतील. सासऱ्यांची वाचा गेली असेल तरी गाणं थांबवू नका. झटक्यानंतर बोलता न येणारी माणसं कधीकधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात, कारण बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एकाच वाटेने चालत नाही. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. एका आजोबांना पाणी मागता येत नव्हतं, पण नारायण वामन टिळकांचं गीत सुरू झालं आणि ते दुसऱ्या ओळीला आमच्यात आले. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. विलायती चालींऐवजी अभंगाची चाल आपल्याला मिळाली ती अशा माणसांमुळे. म्हाताऱ्या मेंदूत ती चालच शेवटपर्यंत टिकते.

रविवारबद्दल थोडंच. चौथी आज्ञा, विसाव्याचा दिवस पाळण्याची, शास्त्रात दोनदा आहे. निर्गमात कारण दिलंय, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात कारण वेगळं आहे : तू मिसरात दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासाला, दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. तेव्हा हजेरीपट मनातून काढा. उपासना चुकते ती चुकते. पण आठवड्यातले चार तास तरी असे हवेत की खाटेजवळ दुसरं कुणी बसलंय आणि तुम्ही बाहेर आहात. यजमानांना रविवारी सुटी असेल तर ते चार तास त्यांचे. आणि जी बाई दिवसा सासऱ्यांना बघायला येते असं तुम्ही लिहिलंय, तिला आठवड्याची सुटी आहे ना? पगार न कापता? त्या आज्ञेत तीही आहे.

आता मोदक.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही, फक्त या वेळी ताट उलट्या बाजूने आलं आहे. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे, आपलं पवित्र नाम देवालय तिथलंच. 1890 मध्ये तिथे शहरातल्या बड्या मंडळींना व्याख्यानाला बोलावलं होतं आणि नंतर चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसती समोर ठेवली. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि शहर पेटलं. रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासकट सगळ्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याच्या खटल्याला, तोंड द्यावं लागलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहावरून. तेव्हा ख्रिस्त्याच्या हातचं खावं का, हा प्रश्न होता. आज तुमच्या सासूबाईंच्या फडताळात तोच प्रश्न बसला होता.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला नेमकं यावरच, मूर्तीला वाहिलेलं खावं का यावर, लिहिलं आहे, पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत. आणि तो एका वाक्यात मोकळा होत नाही. मूर्ती म्हणजे काही नव्हे, अन्नाने आपण देवाजवळही जात नाही आणि दूरही, असं म्हणतो. बाजारात मिळतं ते खुशाल खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढे आलेलं खा, चौकशा करत बसू नका, असंही म्हणतो. आणि त्याच दमात म्हणतो, पण हे वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका, आणि माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने मूर्तीला वाहिलेलं टाळायला सांगितलंच आहे. त्यामुळे सासूबाई शास्त्राबाहेरचं काही बोलत नाहीत. आणि लेकीने मोदक खाल्ला म्हणून आभाळ कोसळलं असंही नाही. नऊ वर्षांच्या पोरीला शेजारच्या काकूंनी गोड दिलं, तिने खाल्लं.

माझं स्वतःचं विचाराल तर : आरतीला मी उभा राहत नाही, ताट हातात घेत नाही, शेजाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांना त्यात अपमान वाटत नाही. पण कुणी घरी आणून दिलेलं गोड मी परत पाठवत नाही. तरुणपणी एकदा पाठवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या आजी वाटी घेऊन आल्या, मी दारातच शास्त्रवचन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, वाटी पदराखाली घेतली आणि जिना उतरल्या. वचन बरोबर होतं. पण त्या जिन्याचे आवाज मला अजून येतात. आपण नाताळात करंज्या, शंकरपाळे, चकल्यांची ताटं चाळभर वाटतो, तेव्हा कुणी दारात थांबून एवढंच विचारतं, "केकमध्ये अंडं नाही ना?" आणि नाही म्हटलं की घेतात. त्यांनाही त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना तोंड द्यायचं असतंच की.

पण मी जे करतो ते तुम्ही सासूबाईंच्या डोळ्यांदेखत करावं असं मी सांगणार नाही. पौलाचा तो 'भाऊ' तुमच्या घरात सासूबाई आहेत. त्यांच्या पिढीने हा विश्वास बरंच काही सोडून धरला आहे. गावकी, नाती, कधी पाणवठा. त्यांना मोदकात मोदक दिसत नाही, मागची सगळी वाट दिसते. शिवाय सहा महिने नवऱ्याच्या उशाशी बसलेली बाई आहे, तिला आता देवाला जरासुद्धा नाराज करायची भीती वाटत असेल. त्यांच्याशी शास्त्रावर वाद घालू नका. लेकीला जवळ घेऊन सांगा की तू काही पाप केलं नाहीस, आणि आजीला वाईट वाटतं म्हणून पुढच्या वेळी आधी आजीला विचार. मग सासूबाईंना विचारा, त्या घाबरल्या कशाला. उत्तर मोदकाबद्दल नसेल, अशी माझी अटकळ आहे.

चूक कुणाची, हे तुम्ही विचारलंत. मला कुणाची दिसत नाही. एक काम मात्र राहिलं आहे. काकूंचा स्टीलचा डबा अजून तुमच्या फडताळातच आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो रिकामा परत देऊ नका. त्यात काय भरायचं ते सासूबाईंना ठरवू द्या, आणि शक्य झालं तर त्यांनाच घेऊन जाऊ द्या.